भाडं घेत नाहीत म्हणून भाडं थांबवू नका

पत्र थोडक्यात असं:

‘मॅडम, सनद मिळून दोन वर्षं झाली, सांगलीत प्रॅक्टिस करते. गावभागातल्या एका जुन्या वाड्यात भाड्याने राहणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या आहेत. वय ६२, यजमान हयात नाहीत. दोन खोल्या, भाडं महिना १५० रुपये. पावत्या सासऱ्यांच्या नावाच्या, त्याही २०१९ च्या पुरात भिजलेल्या. जुने मालक वारले आणि जुलै २०२१ पासून त्यांची मुलं भाडं घेईनाशी झाली. डिसेंबरात थकबाकीची वकिली नोटीस आली, ४ तारखेला की ८ तारखेला ते मावशींना आठवत नाही. त्याच सुमारास महापालिकेने वाडा धोकादायक असल्याची नोटीस भिंतीवर चिकटवली. नळाचं पाणीही बंद आहे. मालकांचा थोरला मुलगा म्हणतो, दोन लाख घ्या, पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा, नव्या इमारतीत खोली देऊ. मावशी विचारतात, “सही करू का?” मी काय सांगू? आणि कोणते निवाडे काढून ठेवू?’
– एक ज्युनिअर, सांगली

ताई,

निवाड्यांचं शेवटी बघू. आधी तो लिफाफा शोधा.

४ तारीख आणि ८ तारीख यांत फरक चार दिवसांचाच आहे, पण या प्रकरणात सगळं त्या तारखेपासून मोजायचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १५ सांगतं की थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावायचा तर मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती पोचल्यापासून ९० दिवस थांबायचं. नोटीस ४ डिसेंबरला पोचली असेल तर ते ९० दिवस ४ मार्चला भरतात. लिफाफ्यावर स्पीड पोस्टाचा क्रमांक असेलच (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे), तो ट्रॅकिंगला टाकून पोच तारखेचा प्रिंट आजच काढा. ती नोंद कायमची राहत नाही.

तुमच्या पत्रात धोकादायक इमारत आहे, पाणी आहे, दोन लाख आहेत. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ‘मुलं भाडं घेईनाशी झाली’ या वाक्याची. मालक घेत नाही म्हटल्यावर भाडेकरू गप्प बसतो आणि साडेचार वर्षं गप्प बसला की कागदावर तो थकबाकीदार होतो. कायदा त्याला विचारतो, तू द्यायला तयार होतास का? हो म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं.

हिशेब करा. जुलै २०२१ ते डिसेंबर २०२५ म्हणजे ५४ महिने. दीडशेप्रमाणे ८,१०० रुपये. नोटिशीच्या टप्प्यावर कायदा व्याज मागत नाही. ही रक्कम नोटीस देणाऱ्यांच्या नावाने मनीऑर्डरने पाठवा आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचं भाडं ते संदेशात लिहा. मनीऑर्डर ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आली तर ती पावती सोन्यासारखी जपा, मावशींची तयारी दाखवणारा पुरावा तोच आहे. नकार आल्यावर डिमांड ड्राफ्ट नोटिशीच्या उत्तरासोबत समोरच्या वकिलांकडे पाठवा आणि उत्तरात मालकांचा बँक खाते क्रमांक मागा. नोटिशीत कराची रक्कम किंवा कलम ११ मधली वर्षाला ४ टक्के वाढ मागितली असेल तर आकड्यावरून हुज्जत घालू नका. हक्क राखून भरा, आकड्याचं भांडण नंतर करता येतं.

समजा तरीही दावा लागला, तर दुसरी संधी आहे. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं नियमित भरत राहिलं आणि कोर्ट ठरवेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याची डिक्री, म्हणजे जागा सोडण्याचा हुकूम, होत नाही. आजच्या हिशेबाने व्याज सुमारे २,७०० रुपये होतं, म्हणजे सगळं मिळून अकरा हजारांच्या आत. गावभागातलं राहतं घर एवढ्या रकमेवर टिकतं किंवा जातं, हे मावशींना कागदावर आकडे मांडून दाखवा.

‘नियमित’ या शब्दावर थोडं थांबते. माझ्या वकिलीच्या सातव्या वर्षी एका शिंप्याच्या दुकानाचा दावा माझ्याकडे होता. समन्स आल्याबरोबर आम्ही सगळी थकबाकी नाझरकडे (कोर्टात पैसे भरून घेणारा अधिकारी) भरली आणि मी निर्धास्त झाले. दावा सहा वर्षं चालला. त्या काळात त्यांनी कधी चार महिन्यांचं, कधी सात महिन्यांचं भाडं एकदम भरलं. हंगाम असला की पैसे, नसला की नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पुराव्याच्या वेळी समोरच्या वकिलांनी फार काही विचारलंच नाही. नाझरच्या भरण्याचा उतारा दाखल केला आणि बसले. डिक्री झाली, अपिलात कायम राहिली. बेलिफ आला त्या दिवशी मी गेले होते. शिवणयंत्र हातगाडीवर चढवताना ते मला एक शब्दही वाकडं बोलले नाहीत. चूक माझी होती. तेव्हापासून भाड्याच्या प्रत्येक फाइलच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला मी बारा महिन्यांचे चौकोन आखते आणि दर महिन्याच्या दहा तारखेला पक्षकाराला फोन करते. चलनाची प्रत आली की चौकोनात खूण. तुम्हीही करा, आणि भरणा झाल्याची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) वेळच्या वेळी देत जा, म्हणजे रोजनाम्यातही, कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, ते राहील.

आता भिजलेल्या पावत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या किती ट्रंका पाण्याखाली राहिल्या ते आपण पाहिलंय. पाणी ओसरल्यावर एका पक्षकाराच्या घरी मी गेले होते. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर गाळाची रेघ. ट्रंकेतला पावत्यांचा गठ्ठा विटेसारखा घट्ट झालेला. घाईने ओढल्या तेव्हा पहिल्या तीन फाटल्या. मग खाटेवर जुनं धोतर पसरलं, गठ्ठा किंचित ओला ठेवून बोथट सुरीने एकेक पावती सोडवली आणि पंख्याखाली वाळत घातली. शाई गेली होती, पण काही पावत्यांवर रेव्हेन्यू स्टॅम्पचा तांबूस चौकोन आणि त्यावर मालकाच्या सहीचं शेपूट शिल्लक होतं. तेवढंही पुरतं. मावशींच्या पावत्या कोणी फेकल्या नसतील तर आधी त्या हातात घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ज्या फोनने काढले तो विकू देऊ नका, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ते फोटो पुराव्यात धरले जाणार नाहीत. मूळ कागद नष्ट झाल्याचं सिद्ध केलं की कलम ६० खाली दुय्यम पुरावा देता येतो.

पावत्या अजिबात नसल्या तरी हक्क बुडत नाही. महापालिकेच्या घरपट्टी विभागातून त्या मिळकतीचा आकारणी उतारा काढा, जुन्या वर्षांचा काढा. जुन्या वाड्यांच्या आकारणीत भोगवटादारांची नावं आणि भाड्याची रक्कम बऱ्याचदा सापडते. आणि ज्याकडे वकिलांचं सहसा लक्ष जात नाही, तो पुराचा पंचनामा. २०१९ ला शहरी पूरग्रस्त कुटुंबांना १५,००० रुपये सानुग्रह मदत जाहीर झाली होती. ती घरमालकाला नाही, पाणी शिरलेल्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला होती. मावशींच्या नावाने पंचनामा झाला असेल, पासबुकात ती रक्कम जमा दिसत असेल, तर त्या वर्षी त्या खोल्यांत कोण राहत होतं हे सरकारी कागदच सांगतो. पंचनाम्याची प्रत माहिती अधिकारात मागा. मतदारयादी, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले हे त्याच्या जोडीला.

पावत्या सासऱ्यांच्या नावाच्या आहेत याने घाबरू नका. राहत्या जागेत भाडेकरू वारला की मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येतच भाडेकरू होते. भाडे कायद्याच्या कलम ७ मधली ‘भाडेकरू’ची व्याख्या शांतपणे वाचा. सासरे वारले त्या वर्षी मावशी त्या घरात राहत होत्या हे सिद्ध करायचं. यजमानांच्या वेळीही तेच.

एक गोष्ट मात्र कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, चुकूनही लिहू नका, ‘वादी हे मालकच नाहीत’. वाड्याला पाच वारस निघाले, मिळकतपत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) नोंद झालेली नाही, असं दिसलं की हात शिवशिवतो. ज्याच्याकडून जागा घेतली त्याची मालकी भाडेकरूला नाकारता येत नाही, आणि नाकारली तर ते आपल्याच अंगावर येतं. तसंच मावशींचा कोणी भाचा ‘बारा वर्षं राहिलं की घर आपलं होतं’ म्हणत असेल तर त्याला तिथंच थांबवा. भाडेकरूचा ताबा हा परवानगीचा ताबा, तो पन्नास वर्षांचा असला तरी विरुद्ध कब्जा ठरत नाही.

आता महापालिकेची नोटीस. ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची असणार. पण ‘धोकादायक’ या एका शब्दावरून काहीच ठरत नाही, वर्ग कोणता ते विचारा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याची इमारत, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची किंवा काही भाग उतरवण्याची, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्त होणारी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ही वर्गवारी ज्या संरचना अहवालावरून झाली त्याची प्रत लेखी मागा. अहवाल मालकाने आणलेल्या अभियंत्याचा असेल तर आपला वेगळा करून घ्या. वालचंद महाविद्यालयात शिकवणाऱ्या, किंवा माती-लाकडाच्या बांधकामाची जाण असलेल्या माणसाकडून. सिमेंट-काँक्रीटच्या चाचण्या पांढऱ्या मातीच्या भिंतीला आणि सागवानी तुळयांना लावून काढलेले निष्कर्ष मी पाहिले आहेत, ते उलटतपासात टिकत नाहीत. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले तर प्रकरण तांत्रिक समितीकडे पाठवण्याचा अर्ज आयुक्तांना द्या.

पण ताई, तुम्ही स्वतः तो वाडा जाऊन पाहिलात का? पत्रात तसं दिसलं नाही. एकदा जा. तुळईच्या टोकाला बोट लावून बघा, भुगा पडतो का. भिंत पोटातून फुगली आहे का. पावसाळ्यात माती कुठून सुटते ते मावशींना विचारा. आणि भिंत खरंच जाणार असेल, तर स्थगिती मिळवून मावशींना तिथं ठेवण्याच्या फंदात पडू नका. भाडेहक्कासाठी मी पंचवीस-तीस वर्षं भांडले आहे, पण पडणाऱ्या छपराखाली म्हाताऱ्या माणसाला झोपवून नाही.

बाहेर पडायचं तर हक्क सोबत घेऊन पडायचं. महापालिकेला लेखी कळवा की जीविताच्या भीतीने, भाडेकरूचा हक्क राखून जागा तात्पुरती रिकामी करत आहोत. पाडण्याआधी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या खोल्यांचं मोजमाप पंचनाम्यात घ्यायला लावा. अभियंता टेप धरेल तेव्हा तुम्ही तिथं उभ्या राहा. दोन खोल्या, स्वयंपाकाची पडवी, न्हाणीचा वापर, सगळं आकड्यांत यायला हवं. नव्या इमारतीत किती जागा मिळणार हे पुढे त्याच कागदावरून ठरतं. किल्ली तोंडी देऊ नका, पोच घेऊन द्या.

इथंच तुमच्या निवाड्याचं येतं. एकच सांगते: शहा रतनसी खिमजी अँड सन्स विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल, सर्वोच्च न्यायालय, २०१४, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. इमारत पाडली गेली म्हणून भाडेपट्टा आपोआप संपत नाही, हे त्यात ठरलं आहे. सारांशावर जाऊ नका, पूर्ण वाचा. बाकीचे निवाडे दावा लागल्यावर मुद्दे बघून काढा.

भाडे कायद्याच्या कलम १६ मधली ताबा मागण्याची दोन कारणंही नीट वेगळी करून ठेवा. मालक स्वतः पाडून नवं बांधायचं म्हणून ताबा मागतो, तेव्हा त्याला पैशाची तरतूद, तयार नकाशे, खर्चाचा अंदाज दाखवावा लागतो आणि भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याची हमी द्यावी लागते. महापालिकेने पाडण्याचा हुकूम दिला म्हणून ताबा मागताना ही ओझी त्याच्यावर नसतात. म्हणूनच वर्षानुवर्षं कौलं न शाकारता वाडा कुजू देणं आणि मग महापालिकेच्या नोटिशीची वाट बघणं काहींना सोयीचं पडतं. मावशींनी पूर्वी कधी दुरुस्तीची मागणी केली होती का, विचारा. कलम १४ खाली दुरुस्ती हे मालकाचं काम आहे. त्याने ते केलं नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत वळते करून घेऊ शकतो. दीडशे रुपयांच्या भाड्यात त्यातून तुळई बदलत नाही, पण नोटीस दिलेली असली की वाडा कुणामुळे कुजला ते कागदावर राहतं.

पाण्यासाठी थांबू नका. भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा बंद करायला कलम २९ ने मनाई आहे. अर्ज केला की कोर्ट पुरवठा सुरू करण्याचा हुकूम देऊ शकतं, आणि पाणी तोडणं हा गुन्हाही आहे. नळ कोणत्या दिवशी बंद झाला, मावशी कोणाकडून पाणी आणतात, शेजारच्यांचे जबाब, कोरड्या नळाचा फोटो, एवढ्यावर अर्ज उभा राहतो. उद्या मीटर काढून नेला तर वीज कायद्याचं कलम ४३ भोगवटादारालाही जोडणी मागू देतं.

आणि ती सही. दोन लाख घेणं बेकायदा नाही. भाडेहक्क सोडण्यासाठी मोबदला घ्यायला भाडे कायद्याचं कलम ५६ परवानगी देतं. मावशींना सांगलीतच मुलीजवळ राहायचं असेल, जिने चढवत नसतील, तर पैसे घेऊन मोकळं होणं हा त्यांचा निर्णय असू शकतो, आणि तो आपण त्यांच्या वतीने नाकारायचा नाही. पण ‘दोन लाख आणि खोली’ असं असेल तर पाचशेच्या स्टॅम्पवर आणि नोटरीच्या शिक्क्यावर ती खोली कधीच मिळणार नाही. कायम पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. चटई क्षेत्र किती, मजला कोणता, ताबा किती महिन्यांत, तोपर्यंत दुसरीकडचं भाडं कोण देणार, खोली मालकी हक्काने की भाड्याने, आणि बिल्डर आला तर त्याचीही सही. मालक एकटा थोरला मुलगा नाही, मिळकतपत्रिकेवरचे सगळे वारस करारात आले पाहिजेत. ‘खोली देऊ’ म्हणणाऱ्याला हे सगळं लिहून द्यायला सांगा. तो काय उत्तर देतो त्यावरून मावशींना बरंच कळेल.

बळजबरीने कुलूप लावून बाहेर काढलंच, तर विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खालची सहा महिन्यांची मुदत विसरू नका. महापालिकेच्या हुकुमाविरुद्ध तातडीने उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर मुंबईची गाडी पकडायची गरज आता उरली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली जिल्हा त्यात येतो. सकाळी निघालं की दहाच्या आत पोचता.

फीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण दीडशे रुपये भाडं भरणाऱ्या बाईच्या मनात ते पहिलं असतं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याच कलमात पूरग्रस्ताचाही उल्लेख आहे. विजयनगरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मावशींना स्वतः घेऊन जा आणि अर्ज भरून द्या. तुम्ही त्यांच्या पॅनेलवर असाल तर हेच काम तुमच्याकडे येऊ शकतं. नसाल तर नाव द्या, अशा फाइलींना तुमच्यासारखे वकील हवेत.

मावशींना या आठवड्यात इतकंच सांगा: कशावरही सही नाही, कोणाला किल्ली नाही, आणि जानेवारीच्या भाड्याचे दीडशे रुपये वेगळे काढून ठेवा. ८,१०० रुपये मनीऑर्डरने तुम्ही सोबत जाऊन पाठवा, फॉर्मवर महिने त्यांच्याच हातून लिहून घ्या. आणि तो लिफाफा सापडला की नोटिशीला टाचणीने नाही, दोऱ्याने बांधा.